चिंचोक्यांचा डाव

काळेवाडी
३ ऑगस्ट १९७८

ती. दादाला सुमनचा नमस्कार.

आधी नीट खाली बस आणि मगच पुढं वाच. मला तीन पत्ती शिकव. झब्बू नको, रमी नको, तीन पत्तीच. हसू नकोस आणि आईला सांगायला धावू नकोस.

माळवदावर तुझी आणि तुझ्या मित्रांची मैफल बसायची तेव्हा तुम्हाला पाण्याचे तांबे मी आणून द्यायचे. पण पानांना हात लावला की तू मनगटावर फटका द्यायचास. बार्शीत तुझ्याइतकी पानं कुणाला कळत नाहीत असं लोक म्हणतात, तर त्यातलं थोडं बहिणीला दे. इथं गोकुळाष्टमीला आम्ही सात-आठ बायका खेळायला बसणार आहोत. सगळ्या मुरलेल्या आहेत आणि मी एकटीच अडाणी. कुठल्या पानांवर थांबायचं, कुठली टाकायची आणि सुरुवातीला किती लावायचं, एवढंच लिही.

बाकी आमचं ठीक आहे. ह्यांना कंपनीत टेंपरवारी म्हणून लागून दोन वर्षं झाली. सुपरवायझर म्हणाले, दसऱ्यापर्यंत खाडे केले नाहीत तर पर्मनंटच्या यादीत नाव घालतो. दादा, माझा सगळा जीव त्या यादीत अडकलाय. एकदा पर्मनंट झाले की "उद्यापासून येऊ नको" असं कुणी म्हणणार नाही. दरवेळी गेटवरून परत आलेल्या माणसाचं तोंड मला बघवत नाही.

शालनवहिनीला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद. लवकर लिही, अष्टमी जवळ आलीय.

तुझी सुमन


बार्शी
९ ऑगस्ट १९७८

चि. सुमनला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी उडालोच! दुकानात बसलो होतो, हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला, शेठजी चष्म्यावरून बघायला लागले. आपल्या घरातली पोर जुगाराची पानं मागते! काळेवाडीला जाऊन तू एवढी पुढं जाशील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस मी पत्राला हात लावला नाही. पण तिसऱ्या दिवशी म्हटलं, अष्टमीचा खेळ आहे, बायका-बायकांचा आहे, आणि माझी बहीण हरून आली तर नाक माझंच कापलं जाईल.

तर ऐक. प्रत्येकाला तीन पानं. तिन्ही सारखी आली तर सगळ्यात मोठं. त्याखाली एकाच रंगाची ओळीनं तीन, त्याखाली नुसती ओळीनं, त्याखाली नुसती एका रंगाची, त्याखाली जोडी. यातलं काहीच नसलं तर ज्याचं सुटं पान मोठं तो मोठा. एक्का, राजा, राणी, असं खाली.

आता खरी गोष्ट. चारातल्या तीन डावांत माणसाला जोडीसुद्धा येत नाही. हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. पानं वाटली की त्यांना वाटतं, वाटलीत म्हणजे खेळलीच पाहिजेत. सात-आठ जणी बसल्यावर कुणातरी एकीकडे जोडी असतेच असते. म्हणून तू जोडीखाली बसायचं नाही. पानं बघायची, जोडी नसली तर गुमान ठेवून द्यायची. कंटाळा येईल, बायका हसतील. हसू दे.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला लावायचं ते नेहमी सारखंच. तीन लावायचे ठरवलेस तर तीन म्हणजे तीन. तीन एक्के आले तरी तीन आणि नुसती जोडी आली तरी तीन. पान बघून हात लहान-मोठा केलास की तुझी पानं सगळ्या जगाला दिसली.

तिसरी, न बघता आंधळं खेळायचं नाही. ते शूरांचं काम नव्हे, आळशांचं आहे.

दाजींना यातलं काही कळू देऊ नकोस. शालन पंचमीला माहेरी गेलीय, म्हणून सध्या हाताचंच खातोय. दाजी पर्मनंट झाले की पेढे घेऊन ये.

तुझा दादा मालोजी


काळेवाडी
२० ऑगस्ट १९७८

दादा,

तुझ्या नियमांनी माझं वाटोळं केलं! अष्टमीची वाट न बघता लिहितेय, कारण अष्टमीचा काही संबंधच नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले.

बायका नाहीत. मी खेळते ती ह्यांच्याशी.

आता रागावून पत्र फाडू नकोस, पुढं वाच. आमच्या गल्लीच्या शेवटी सयाजी म्हणून एक घरमालक आहे. त्याची पत्र्याची शेड आहे, तिथं रोज संध्याकाळी तीन पत्ती बसते. हे पहिली शिफ्ट करून येतात आणि चहा घेतला की तिकडं जातात. मग सकाळी उठवत नाही आणि खाडा पडतो. मी रडले, भांडले, चार दिवस अबोला धरला. शेजारच्या हसीनानं तर तिच्या नवऱ्याला, शफीभाईला, कोंडून घातलं. तो स्कूटरचा मेस्त्री आहे आणि त्याच शेडमध्ये बसतो. त्यानं कडीच उचकटली. आम्ही बायका बोललो की ह्यांचं एकच, "पानं तुला काय कळत्यात?"

मग एक दिवस मला राग आला. म्हटलं, "मला शिकून घेऊ दे. मग रोज माझ्याशी खेळायचं. मी जिंकले तर घरी थांबायचं आणि सकाळी डबा घेऊन ड्युटीवर जायचं. तुम्ही जिंकलात तर शेडवर जावा, मी एक शब्द बोलणार न्हाई." हे पोट धरून हसले आणि म्हणाले, "लाव!" हसीनानं पिशवीभर चिंचोके आणून दिले. दोघांपुढं सारखे ढीग करायचे, वीस डाव खेळायचे आणि शेवटी ज्याचा ढीग मोठा तो जिंकला.

आणि मी तुझं पत्र देवासारखं पाळलं. जोडी नाही, पानं खाली. जोडी नाही, पानं खाली. दर डावाला आधी एकेक चिंचोका मध्ये टाकावा लागतो, तो तसाच जात राहिला. माझ्या ढिगाला गळती लागली. आठ संध्याकाळींत मी एकदाच जिंकले. आठवी संध्याकाळ तर अशी गेली की मी एकोणीस डावांत पानं खाली ठेवली. हे शीळ घालत उठले आणि म्हणाले, "तुझा गुरू कोण हाय गं? त्याला माझा नमस्कार सांग."

दोन खाडे पडले, दादा. माझ्या हरण्यानं पडले. आधी नुसता नवरा जुगारी होता, आता त्याला शेडवर पाठवणारी मीच झाले. काय चुकलं ते लगेच कळव.

सुमन


बार्शी
२५ ऑगस्ट १९७८

सुमे, सुमे,

काय म्हणू तुला! नवऱ्याच्या नोकरीवर चिंचोके लावून खेळणारी बाई मी जन्मात ऐकली नाही. आणि वर माझ्यावरच ओरडतेस?

अगं, वैद्याला दुखणं खोटं सांगितलं तर औषध लागू पडेल का? मी तुला आठ जणींचं गणित लिहिलं होतं. आठ जणींत जोडीखाली बसणं वेडेपणाचं. पण समोर एकटाच माणूस असेल तर त्याच्याकडेही चारातल्या तीन डावांत काही नसतं! तिथं जोडीची वाट बघत बसलीस तर तो काही न करता जिंकतो. पाहुणे आठ असले तर पातेलं मोठं चढवतात, दोघांना ते कशाला?

आता नवा हिशोब. दोघांच्या डावात एक्का किंवा राजा हातात असेल तर पानं टाकू नकोस. राणी असली आणि तिच्याबरोबरचं पान बरं असलं तरी थांब. गुलामापासून खाली सोडून दे. तीनाचा नियम तसाच, तो मोडायचा नाही.

आणि आता डोळे उघडे ठेव. दाजी सुरुवातीला किती लावतात ते बघत राहा. चेहरा बघू नकोस. माणूस तोंड सांभाळतो, पण हात सांभाळायचं त्याला सुचत नाही. चार संध्याकाळी बघितल्यास की तुला सगळं कळेल. शिव्या देत देत मी हे लिहितोय, पण खरं सांगू, तुझा दादा म्हणून छाती फुगलीय.

मालोजी

ता. क. दाजींना कधीच कळू देऊ नकोस की गुरू कोण.


काळेवाडी
८ सप्टेंबर १९७८

माझ्या गुणाच्या दादा,

बारा संध्याकाळींपैकी नऊ माझ्या! हसीना गल्लीत साखर वाटायची राहिलीय.

तू म्हणालास तसंच झालं. चौथ्या दिवशीच मला दिसलं. पानं फालतू असली की हे एक चिंचोका पुढं सरकवतात, तेही बोटाच्या टोकानं. चांगली असली की पाच, मुठीनं. मला एवढं आश्चर्य वाटलं की मी हसू आवरायला पदर तोंडात धरला. दोन वर्षं हा माणूस शेडमध्ये सात जणांसमोर आपली पानं उघडी करून खेळत होता आणि त्याला वाटायचं, नशीब खोटं आहे! आता एक आला की मी तीन लावते आणि ते पानं टाकतात. पाच आले की मीच टाकते. परवा सलग सहा डाव हरल्यावर म्हणाले, "चेटूक करतीस का काय?"

पण आनंद त्याचा नाही. नऊ दिवस हे सकाळी साडेसहाला सायकलवर टांग टाकून पूल ओलांडून पिंपरीला गेलेत. सुपरवायझर म्हणाले म्हणे, "ज्योतीराम, सुधारलास की." ह्यांनी मला ते सांगितलं तेव्हा तोंड लपवत होते. दादा, मी त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडले. यादी दसऱ्याला लागणार. आता महिनाच उरलाय.

एक विचारू? पंचमी होऊन महिना झाला, शालनवहिनी अजून माहेरीच कशा? आणि तू नेहमी दुकानाच्या छापील कागदावर लिहायचास, ही दोन पत्रं साध्या अंतर्देशीयवर कशी?

सुमन


१४ सप्टेंबर १९७८

चि. सुमन,

शाब्बास. दुकानात सध्या फार गडबड आहे, उडीद-मूग यायला लागलेत, म्हणून कार्डावरच लिहितो. छापील कागद संपलेत. शालनच्या आईला बरं नाही, म्हणून ती थांबलीय. तू नसत्या चौकशा करू नकोस, डावाकडे लक्ष दे.

दाजी सहा डाव हरले ना? आता ते विचार करायला लागतील. हरणारा माणूस दोनच गोष्टी करतो, चिडतो नाहीतर शिकतो. चिडले तर तुझं भलं झालं.

मालोजी


काळेवाडी
२७ सप्टेंबर १९७८

दादा,

ते शिकले.

काय लिहू तेच कळत नाही. गेले दहा दिवस हे दर डावाला तीन चिंचोके लावतात. पान कसलंही असो, तीन. बोटाच्या टोकानं नाही, मुठीनं नाही, अगदी माझ्यासारखेच. गुलामाखालची पानं न बोलता ठेवून देतात. मी विचारलं, "हे कुठं शिकलात?" तर म्हणाले, "तुझ्यापुढं बसून. महिनाभर मार खाल्ला तवा कळलं." दहातल्या सात संध्याकाळी तेच जिंकले.

पण खरा धक्का पुढं आहे. हे शेडवर गेले आणि तिथं जिंकले. एकदा नाही, रोज. शफीभाईनं हसीनाला सांगितलं, ज्योतीराम आता दहा डावांतले आठ टाकतो आणि दोनांत सगळ्यांची चामडी सोलतो. ते ऐकून मी तव्यावरची भाकरी जाळली. जो माणूस हरत होता तो कंटाळून कधीतरी उठला असता. जिंकणारा का उठेल? दादा, मी जुगार सोडवायला निघाले होते. मी माझ्या हातानं एक पक्का जुगारी तयार केला!

तीन खाडे पडलेत. काल मी हातापाया पडले. म्हटलं, दसरा पंधरा दिवसांवर आलाय. ह्यांनी शांतपणे, हसून सांगितलं, "यादी लागू दे न्हाईतर न लागू दे. दसरा झाला की मी कंपनी सोडणार हाय. मशीनपुढं आठ तास उभं राहून काय मिळतं? इथं डोकं लावलं की बास. मला हे जमतंय, सुमन." दारू प्यायलेला माणूस बडबडतो तसं ते नव्हतं. विचार करून बोलत होते.

तू इतकी वर्षं खेळतोस. तुला सगळे नियम येतात. तू त्यांना लिही, की ह्यावर घर चालतं का? तुझं ऐकतील. गुरू तूच हे मी त्यांना काल सांगून टाकलंय.

सुमन


१ ऑक्टोबर १९७८

सुमन,

तुझं पत्र दुकानावरून फिरून माझ्याकडे आलं. ते दुकानाच्या पोऱ्यानं पत्ता बदलून पाठवलं. तुला आता सांगितलंच पाहिजे.

मी बार्शीत नाही. दोन महिने होत आले, कुर्डुवाडीला रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती मोजतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा दुकानातला माझा शेवटचा आठवडा चालला होता. शेठजींनी मला चोर म्हणून नाही काढलं. एवढंच म्हणाले, "मालोजी, तुझं लक्ष तागडीवर नसतं." खरंच नसायचं. दुपारपासून मला संध्याकाळच्या पानांचे वेध लागायचे. दिवसा जागा राहत नव्हतो. पुढची दोन्ही पत्रं मी इथूनच टाकली, एकावर तर बार्शी लिहून. शालन पंचमीला गेली ती सणाला नाही गेली. पोरांचे कपडे, पाटा-वरवंटासुद्धा घेऊन गेली.

तू विचारतेस, ह्यावर घर चालतं का. सुमे, मला सगळं येतं. किती जण बसले असता कुठल्या पानांवर थांबायचं हे झोपेत सांगेन. वाईट पानं टाकायची शिस्त माझ्याइतकी कुणाकडे नाही. पण त्या शिस्तीचाच माज चढतो. हरणाऱ्याला निदान कळतं की आपण बुडतोय. मला वाटायचं, मी बाकीच्यांसारखा नाही, मी डोक्यानं खेळतो. अगदी दाजींची वाक्यं! ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. डोक्यानं खेळणारा माणूस पानं टाकतो, पण जागेवरून उठत नाही. पुढच्या डावात चांगलं येईल म्हणून बसून राहतो. काल मला राण्यांची जोडी आली तेव्हाही मी बरोबरच खेळलो. आणि खोलीवर आलो तर रॉकेल नव्हतं, अंधारात चुरमुरे खाल्ले.

हे सगळं दाजींना वाचून दाखव. माझी लाज वाटून घेऊ नकोस, मला वाटते तेवढी पुरे. मी तुला पानं शिकवली, हे पाप माझं. आईला कळवू नकोस. आणि मला पत्र लिहू नकोस, आता पत्ता देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मालोजी


काळेवाडी
१३ ऑक्टोबर १९७८

दादा,

लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहितेय. पत्ता न दिल्यानं काय होतं? कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर मालोजी नावाचे किती जण असतील!

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या भावाला जमलं न्हाई. मला जमंल." मग मी वाचायचं आणि बोलायचं दोन्ही सोडलं.

गेल्या गुरुवारी, पाच तारखेला, कंपनीला सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं आणि हे शेडवर गेले. मी भांडी घासली. खुंटीवर ह्यांच्या कंपनीच्या शर्टाला पितळी बिल्ला लावलेला होता. त्याच्यावर ह्यांचा नंबर कोरलाय, तो दाखवल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. मी तो काढला, मुठीत धरला आणि हसीनाच्या दारात जाऊन म्हटलं, "येतीस का?" कुठं हे तिनं विचारलं नाही. डोक्यावरनं ओढणी घेतली आणि निघाली.

दादा, बाईमाणूस त्या शेडच्या दारात कधी दिसलं नव्हतं. भर दुपारी आम्ही दोघी आत गेलो. सात जण होते. शफीभाईनं हसीनाला बघितलं आणि त्याच्या तोंडातली विडी मांडीवर पडली. सयाजी उठून म्हणाला, "वहिनी, काय काम हाय? घरी कोण आजारी हाय का?"

मी म्हटलं, "खेळायचंय."

हे म्हणाले, "सुमन, घरी चल." मी ह्यांच्या समोर मांडी घालून बसले. म्हटलं, "वाटा की. बाईला पानं वाटू नयेत असा काय नियम हाय का?" वाटणाऱ्यानं अशी वाटली की माझी तीन पानं तीन दिशांना पडली. मी ती गोळा केली, पुढ्यात उपडी ठेवली आणि उचलली नाहीत. आंधळं खेळायचं नाही असं तू लिहिलं होतंस ना? मी आंधळी खेळले. तीनाचाही नियम मोडला. मूठ उघडली आणि बिल्ला मधोमध ठेवला.

म्हटलं, "ही ह्यांची नोकरी. ह्यांनी रोज लावलीच हाय, मी फक्त सगळ्यांना दिसंल अशी ठेवली. आता ज्याला ह्या डावात बसायचंय त्यानं आपली नोकरी मधी ठेवायची. न्हाईतर पानं टाकायची."

भोसरीच्या कारखान्यात जाणारा एक जण सगळ्यात आधी उठला. त्याच्या खिशातही तसलाच बिल्ला होता, तो त्यानं वरून चाचपला आणि चपला न घालताच बाहेर गेला. मग एकेक करून त्याच्या शेजारचे तिघं. शफीभाईनं पानं ठेवली, हसीनाकडं न बघता म्हणाला, "भाभी, माफ करा," आणि तोही गेला. सयाजीला नोकरीच नाही, तो काय लावणार? त्यानंही पानं टाकली. तो म्हणाला, "वहिनी, मी हात जोडतो. तुमी हितं बसलात तर उद्यापास्नं हितं कोण यायचं न्हाई." मी म्हटलं, "मग मी रोज येते."

शेवटी हे एकटे उरले. पानं हातात होती. चांगली असावीत, कारण बराच वेळ बघत होते. दादा, मला तेव्हा भीती वाटली, खरी भीती. ते "बघ" म्हणून पानं उघडतील, जिंकतील आणि मग माझ्याकडं काहीच राहणार नाही. मी माझ्याजवळचं सगळं एकाच डावात लावून बसले होते. हे तांबडे झाले, मग पांढरे पडले. पानं उपडी टाकली, बिल्ला उचलला आणि चालते झाले.

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी डबा उचलायचे आणि जायचे. गल्लीत नळावर बायका मला जागा देईनात. "जुगाराला बसलेली बाई" म्हणतात. हसीनाच्या सासूनं तिला दोन दिवस घरात घेतलं नाही. शेड मात्र बंद आहे. सयाजीनं तिथं कडब्याच्या पेंढ्या भरल्यात.

दसऱ्याला यादी लागली. ह्यांचं नाव नाही. खाड्यांमुळं राहिलं. पण काढलंही नाही, मार्चच्या यादीपर्यंत मुदत दिलीय. आता पाच महिने मला धाकधूक आहे.

काल गुरुवार, सुट्टी. हे दुपारी घरातच होते. मी ज्वारी निवडत होते. आठ दिवसांनी पहिलं वाक्य बोलले, "त्या दिवशी तुझी पानं काय होती?"

मी म्हटलं, "बघितलीच न्हाईत."

"मागनं तरी उचलून बघितली असशील?"

"न्हाई. कशाला?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी कुणी परकी बाई आहे. मग सुपातली ज्वारी स्वतःकडं ओढली आणि निवडायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "माझ्याकडं तीन दश्श्या होत्या."

आता तुझं. माझ्या भाबड्या दादा, "काल मला राण्यांची जोडी आली" असं तूच लिहिलंस. काल! शालनवहिनी गेल्या, दुकान गेलं आणि तू अजून बसतोसच. पत्र वाचताना मी त्या ओळीवरच थांबले.

बावीस तारखेच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि हसीना कुर्डुवाडीला उतरतोय. ह्यांना सांगितलंय. ते म्हणाले, "जा. डबा बांधून ने." स्टेशनवर न्यायला ये. आलास तर तिथूनच पुढं वहिनींच्या माहेरी जाऊ. नाही आलास तर मी गावात दुकानोदुकान विचारत फिरेन, की इथं पानं खेळायला कुठं बसतात. मला तिथं जाऊन बसायचंय म्हणून.

तुझी बहीण
सुमन